मदत हवी आहे: चौकातून बीआरटी जाणार, हरकती-सूचनांमध्ये नेमकं काय मागू?

नमस्कार मंडळी,

पुण्याच्या एका उपनगरात, चौकाला लागूनच आमचं घर आहे. समोरच्या मोठ्या रस्त्याच्या मधोमध बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखीव, मार्गिका व्हायची आहे. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आराखड्याची झेरॉक्स लागली आहे. सूचना द्यायला पंधरा दिवस होते, त्यातले सहा गेले.

माझा बीआरटीला विरोध नाही, हे आधीच सांगते. मी बारा वर्षं बसनेच ऑफिसला जातेय. मोकळ्या मार्गिकेतून गेलेली बस आणि गर्दीत अडकलेली बस यातला फरक मला चांगला माहीत आहे. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र "बीआरटी नकोच" एवढंच लिहिलेलं पत्र सह्यांसाठी फिरतंय. मला त्यावर सही करायची नाही. चौक नीट व्हावा एवढंच मागायचंय, पण ते कोणत्या शब्दांत मागायचं ते कळत नाहीये.

काळजी आईची आहे. ती 74 वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण रोजची भाजी स्वतःच आणते आणि मंडई रस्त्याच्या पलीकडे. रस्ता फुटपाथपासून फुटपाथपर्यंत साधारण 36 मीटर भरतो. शनिवारी तिच्यासोबत ओलांडताना मोबाईलवर वेळ लावली: 48 सेकंद. चालणाऱ्यांचा हिरवा 25 सेकंदांचा. म्हणजे रोज ती अर्ध्यात, जेमतेम पाऊल मावेल एवढ्या दुभाजकावर पिशव्या घेऊन उभी राहते. आता मध्ये बसच्या दोन मार्गिका आल्या तर ती कुठे थांबणार?

आराखड्यात उजवीकडे वळणाऱ्या बाणांवर फुली आहे आणि 250 मीटर पुढे यू-टर्न दाखवलाय. शाळेच्या सगळ्या रिक्षा चौकातून उजवीकडेच वळतात. बसथांबा अगदी सिग्नलच्या रेषेला चिकटून आहे, फ्री लेफ्ट (सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची मुभा) आहे तसाच ठेवलाय. ही फुली काढायला सांगू का? थांब्याची जागा बरोबर आहे का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, वाहतूक नियोजनात काम करतो म्हणून सांगतो, ती फुली काढायला सांगू नका.

आत्ता तुमच्याकडे एकेका बाजूचा सिग्नल सुटत असणार. सरळ जाणारे आणि उजवीकडे वळणारे एकदमच निघतात. बस मधोमध आली की ती वळणाऱ्यांच्याही उजव्या हाताला येते. दोघांना एकाच वेळी हिरवा दिला तर वळणारी रिक्षा सरळ निघालेल्या बसच्या पुढ्यात जाते. म्हणून एक तर बसला वेगळा हिरवा द्यायचा, नाही तर वळण बंद करायचं.

सिग्नलचा एक पूर्ण फेरा 120 सेकंदांचा धरा. दर वेळी बाजू बदलताना पिवळा आणि मग चोहीकडे लाल, यात पाचेक सेकंद जातात. चार बाजूंचे चार टप्पे, म्हणजे 20 सेकंद वाया. बससाठी पाचवा टप्पा घातला की 25, शिवाय तेवढा वेळ बाकीचे सगळे खोळंबलेले. उजवी वळणं काढली की समोरासमोरच्या बाजू एकदम सोडता येतात, दोनच टप्पे उरतात, 10 सेकंद वाया, आणि दोन्ही दिशांना सारखी वाटणी केली तर प्रत्येकी 55 सेकंद. आडवा रस्ता सुरू असताना मोठा रस्ता थांबलेला असतो, आई त्याच वेळात ओलांडणार. त्यांचे 48 सेकंद त्यात बसतात! प्रत्यक्षात मोठ्या रस्त्याला जास्त वेळ देतील, म्हणून 55 मिळतीलच असं नाही. पण चार-पाच टप्प्यांत एवढा वेळ मिळायची शक्यता त्याहून खूप कमी.

दिल्लीत 2008 मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद 5.8 किलोमीटरची मार्गिका झाली. तिथे उजवी वळणं ठेवली, सिग्नलचे टप्पे वाढले, थांबे चौकाच्या तोंडाशी आले. चिराग दिल्लीच्या चौकातल्या रांगांनी लोकांचा संयम संपला आणि 2016 मध्ये ती मार्गिका उखडायला घेतली. कोलंबियातल्या बोगोटा शहरात ट्रान्समिलेनिओ ही बीआरटी 2000 पासून आहे. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे आपलं उजवं ते त्यांचं डावं. त्यांनी मुख्य मार्गांवरची बरीच डावी वळणं बंद केली.

थांब्याबद्दलची तुमची शंका अगदी रास्त आहे. तो सिग्नलच्या रेषेपासून मागे न्यायला सांगा. एक बस 12 मीटरची असते. रेषा आणि थांबा यांच्यात दोन बस उभ्या राहतील एवढी जागा हवी, नाही तर लाल दिव्याला थांबलेली बस फलाट अडवते आणि मागची बस दारं उघडू शकत नाही.

प्रतिसाद २

मी सांगवी–किवळे बीआरटी मार्गावर रोज बसने जातो. थांबा मधोमध असला की बसचा प्रत्येक प्रवासी जाता-येता अर्धा रस्ता पायीच ओलांडतो. त्यामुळे फ्री लेफ्ट तसाच ठेवू देऊ नका, चालणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती त्याचीच. आणि आईंना मध्ये उभं राहायला किमान दोन मीटर रुंदीची, उंच कडेची जागा लेखी मागा. बसमार्गिकेच्या अलीकडे एक, पलीकडे एक.

धागाकर्ती

मनापासून आभार दोघांचे. फुलीच आईच्या उपयोगाची निघेल असं वाटलं नव्हतं. पण शाळेच्या रिक्षा यू-टर्नला बसमार्गिका ओलांडतीलच ना?

प्रतिसाद १

हो, आणि एकदा नाही, दोन्ही मार्गिका ओलांडाव्या लागतील. म्हणून यू-टर्नला सिग्नल हवाच, चौकाच्या सिग्नलशी जोडलेला. तो नसेल तर चौकातला धोका फक्त 250 मीटर पुढे सरकतो. वळायला थांबलेल्या रिक्षांसाठी वेगळा खिसाही मागा, नाही तर सरळ जाणाऱ्यांची रांग चौकापर्यंत येईल.

धागाकर्ती

लिहून घेतलं. उद्या भावाला घेऊन टेपने रस्ता पुन्हा मोजते, 36 चा आकडा पावलांनी काढलेला आहे. सोमवारी सूचना द्यायला जाणार आहे. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "मीही येते. 48 सेकंद का लागतात ते त्यांनाही बघू दे."