गाडी कधी सेल्फ घेते, कधी नुसतं 'टक्'. बॅटरी बदलून झाली, आता काय बघू?

खाडीकाठ
मी रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. सकाळी नाचणे, मग झाडगाव, दुपारी भाट्याचा पूल ओलांडून गोळप नाहीतर पावस. प्रत्येक ठिकाणी पाऊण-एक तास थांबायचं आणि पुढे निघायचं. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१४ ची, साधे गिअर, चावी फिरवून चालू करायची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कुठली गाडी चांगली यावरच सगळे भांडत बसाल.

सकाळी पहिल्या फटक्यात चालू होते. एक-दोन पेशंट करून आले की कधीतरी चावी फिरवल्यावर बॉनेटखाली एकच 'टक्', बस्स. डॅशबोर्डचे दिवे लागलेले, हॉर्न खणखणीत, हेडलाइटही मंद होत नाही. पुन्हा पुन्हा फिरवली तर एखाद्या वेळी घेते. नाहीतर गिअरमध्ये टाकून कुणाला तरी पुढेमागे हलवायला सांगायचं, मग घेते. त्यानंतर काही दिवस अगदी सुतासारखी सरळ. गॅरेजमध्ये नेली की मात्र हमखास चालू होते, आणि समोरचा माझ्याकडेच संशयाने बघतो.

बॅटरी नवीन टाकली, फरक शून्य. आता सर्व्हिसवाले म्हणतात सेल्फच (इंजिन फिरवणारी मोटर) बदला, साडेआठ हजार. सासरे म्हणतात विकून टाका. गोळपच्या एक आजी वॉकर घेऊन पायरीवर येतात आणि विचारतात, "अगो, धक्का देऊ काय?" त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय!

बाकी गाडीला काही नाही. अॅव्हरेज छान, एसी छान. क्लच तेवढा जड झालाय, गेल्या वर्षी केबल बदलली तरी पुन्हा तेच. पैसे घालायचे तर कशावर घालू? नवऱ्याकडे मल्टिमीटर आहे, सांगाल ते मोजू.

रोजचा घाट
तुमचं रनिंग फार तुटक आहे. सेल्फ एका वेळी शंभराच्या वर अँपिअर खेचतो आणि छोट्या छोट्या फेऱ्यांत बॅटरी नेहमी पूर्ण भरतेच असं नाही. नवीन बॅटरीसुद्धा उपाशी राहू शकते. सकाळी चावी लावायच्या आधी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या मध्ये हवं, नाहीतर अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा) बघा. आणि फ्यूज बॉक्समध्ये स्टार्टरचा, म्हणजे सेल्फचा, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) असतो, त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघा. फुकटात होतं.

खाडीकाठ
सकाळी १२.६, इंजिन चालू असताना १४.२. रिलेची अदलाबदल केली. हॉर्न वाजतोय आणि दुपारी पुन्हा 'टक्'.

सडाफटिंग
हलवल्यावर घेते म्हणजे फ्लायव्हीलचे (सेल्फ इंजिनचं जे चाक फिरवतो त्याचे) दात झिजलेत किंवा सेल्फचे कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे घासते तुकडे) गेलेत. पान्याने सेल्फवर हलकेच ठोका, चालू झाली तर कार्बन. माझ्या जुन्या जीपच्या बॉनेटमध्ये त्यासाठी हातोडीच ठेवलेली असायची.

जुना वायरमन
ताई, मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये वायरिंगवर होतो, आता निवृत्त. ठोकाठोकी राहू द्या. तुम्ही जाता जाता लिहिलंत की क्लचची केबल वर्षात पुन्हा जड झाली. माझं लक्ष तिथेच अडकलं.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून गिअरबॉक्सपासून बॉडीला किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला एक जाड अर्थची (अर्थिंगची) वायर असते. सेल्फचा सगळा करंट तिच्यातूनच परत येतो. ती कुजली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि क्लच केबलचं एक टोक गिअरबॉक्सवर, दुसरं बॉडीकडे. जो करंट बोटाएवढ्या जाड वायरीतून जायचा तो त्या बारीक तारेतून जायला बघतो. तार तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं, केबल अडकते. गॅरेजवाला केबल बदलतो आणि बिल देतो. केबल का गेली हे कोणी विचारत नाही.

हेडलाइट आणि हॉर्नचा अर्थ बॉडीवर असतो, त्यांना याचा पत्ताही नसतो. गाडी हलवल्यावर इंजिन माउंटिंगवर जरा सरकतं, तुटक्या तारा एकमेकींना टेकतात आणि सेल्फ घेतो. दात झिजले तरी हलवल्यावर घेईल, हे सडाफटिंग यांचं बरोबर. पण तेव्हा सहसा सेल्फ फिरल्याचा घर्रर्र आवाज येतो, नुसतं 'टक्' नाही.

मात्र मी इथे बसून छातीठोक सांगणार नाही. मोजा, आणि बिघाड समोर असतानाच मोजा. घरी, गाडी शहाण्यासारखी वागत असताना मोजून उपयोग नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खुंटीवर. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग लागलेला नको. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ पर्यंत ठीक. एक व्होल्ट किंवा त्याहून जास्त आकडा दिसला तर अर्थ गेलाय. शून्याजवळ असेल आणि तरी 'टक्', तर सोलेनॉइडच्या (सेल्फवरचा 'टक्' करणारा विद्युतचुंबकी स्विच) आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट खाल्ले गेले असतील, मग सेल्फ खोलावा लागेल. सेल्फ मारताना बॅटरीवरच आकडा ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर पुन्हा बॅटरीकडे यायचं.

डिकीत जम्पर केबल असेल तर आणखी एक करा. काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन उचलायच्या लोखंडी हुकाला. त्यावर चालू झाली तर विषय संपला. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. ओढणी आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवा, बेल्ट ओढून घेतो.

सडाफटिंग
क्लच केबलचं हे पहिल्यांदाच ऐकतोय. पण 'टक्' आवाज येतो म्हणजे सोलेनॉइडला करंट मिळतोय ना?

जुना वायरमन
मिळतो. प्लंजर (सोलेनॉइडच्या आतला सरकता दांडा) ओढायला थोडा करंट पुरतो, तेवढा केबलमधूनही परत येतो. मोटर फिरवायची म्हटली की पुरत नाही.

खाडीकाठ
काल पावसला सापडली! पेशंटच्या मुलाला चावी दिली आणि मी मीटर घेऊन बॉनेटमध्ये. आकडा ७ च्या वर गेला. व्होल्ट! तो दोन-तीनदा सेल्फ मारून थांबला तेव्हा क्लच केबलला बोट लावलं, लगेच मागे घ्यावं लागलं. मग जम्पर लावली आणि पहिल्याच फटक्यात चालू. पेशंटचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हे पण करता तुम्ही?"

आज सकाळी साळवी स्टॉपजवळच्या एका वायरमनकडे गेले. त्याला तुमचं उत्तर फोनवर वाचून दाखवलं. आधी हसला, मग एअर फिल्टरचा डबा काढून गप्प झाला. वायर वरून धडधाकट, कव्हरही शाबूत. पण गिअरबॉक्सच्या बोल्टवरची लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) वाकवली तर आतून हिरवी पूड गळली आणि तीन-चारच तारा धरून होत्या. त्याने नवीन जाड वायर लग दाबून बनवली, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासली. मजुरीसकट साडेचारशे. सेल्फ मारताना आता ०.१ दाखवतं. सेल्फला हात लावलेला नाही.

एकच शंका. क्लच अजून जडच आहे. आपोआप सुटेल का?

रोजचा घाट
जबरदस्त. मला वेगळीच शंका, गरम झाल्यावरच का व्हायचं?

जुना वायरमन
तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. धड वायरीत ते जाणवतही नाही, पण तीन-चार तारांवर सगळा भार असेल तर जाणवतं. त्यात गरम इंजिनशेजारी लग आणि बोल्ट फुगतात, कुजलेला सांधा जागा बदलतो. आणि तुमच्याकडची खारी हवा, वरचं कव्हर कोरडं दिसलं तरी लगच्या तोंडातून ओल आत शिरतेच.

ताई, केबल सुटणार नाही. अस्तर वितळलंय, ते पुन्हा होत नाही. तेल सोडून काही दिवस काढता येतील, पण भाट्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये तुटली तर पंचाईत. बदलून घ्या, आता नवीन टिकेल. त्याच वेळी बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जाणारी छोटी वायरही काढून बघायला सांगा, ती त्याच वयाची आहे. लग आधी आवळायची आणि मग वरून व्हॅसलिन लावायचं. बरेच जण उलटं करतात.