नव्या कोब्याला पाचव्या दिवशी आरपार भेग: फोडायचा की भरायचा?

चोपडेकर

गेटपासून पोर्चपर्यंत गाडीसाठी नवा कोबा केला आहे. लांबी ३२ फूट, रुंदी ११ फूट, जाडी ४ इंच. एम-२० प्रतीचा माल (काँक्रीट), पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, मिक्सर साइटवरच. खालची काळी माती फूटभर काढून मुरूम दाबला. आत लोखंडी जाळी नाही, जॉइंट (कोब्यात मुद्दाम कापायच्या आडव्या खाचा) कापलेले नाहीत. माल सकाळी १० ला पडायला लागला, दुपारी २ ला संपला. मे महिन्याचं ऊन आणि वारा होताच. संध्याकाळी गेटकडे हात-हातभर अंतरावर तिरप्या, एकमेकींना समांतर बारीक चिरा दिसल्या. वर छोटे बांध घालून वाफे केले आणि पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी भरलं. आज पाचवा दिवस. गेटपासून १६ फुटांवर या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ भेग गेली आहे. मिस्त्री म्हणतात, पातळ सिमेंट ओतून घोटून देतो. फोडावं लागेल का?

मुरूम-खडी

फोडू नका भाऊ, आणि पातळ सिमेंटही ओतू देऊ नका. त्यात पाणी जास्त असतं, ते सुकताना स्वतःच आकसतं. टायर फिरले की पापुद्रे निघतात आणि भेग पुन्हा उघडी.

तुमच्याकडे दोन वेगळ्या भेगा आहेत. तिरप्या चिरा माल ओला असतानाच पडल्या. आतलं पाणी वर यायचा वेग कमी आणि ऊन-वारा ते उडवणार जास्त, म्हणून वरची साय आधी आकसली. मधली भेग मात्र कडक झालेल्या कोब्याची आहे. ४ इंची कोब्याला साधारण दर १० फुटांवर जॉइंट हवा. तुम्ही ३२ फूट अखंड ओतलं, म्हणून त्याने स्वतःच बरोबर निम्म्यावर जॉइंट करून घेतला. मालात पाणी जास्त पडलं असेल तर आकसणं वाढतं. ५० किलोच्या गोणीला वाळूतल्या ओलीसकट २५ ते २७ लिटरच्या वर जायला नको.

आजच करायचं काम म्हणजे दोन्ही अर्ध्या भागांच्या मध्यावर, गेटपासून ८ आणि २४ फुटांवर, कटरने आडवे जॉइंट कापा. वेळेत कापले असते तर जाडीच्या पाव भाग, म्हणजे १ इंच पुरला असता. आता उशीर झालाय, ३५ मिमी खोल जा. मे महिन्यात कापायची खरी वेळ माल पडल्यावर ५ ते ८ तासांनी येते. थोडं कापून बघायचं. कडेची खडी उखडली तर थांबायचं, स्वच्छ कापलं गेलं तर लगेच सगळं उरकायचं.

तापीकाठ

वरच्याशी सहमत, पण एक गोष्ट राहिली. वाफ्यातलं पाणी त्या भेगेतून खाली जात असणार. खाली काळी माती आहे, तिला पाणी पाजू नका. वाफे मोडा, ओली गोणपाटं अंथरा आणि त्यावर प्लास्टिक टाका. पीपीसीत राख असते, ती सावकाश पकडते. आपल्याकडच्या उन्हात १४ दिवस ओल तुटू देऊ नका.

तोवर भेगेची तपासणी करा. दोन्ही बाजूंवरून अंगठ्याचं नख फिरवा. एक बाजू वर लागली तर मुरूम बसलाय किंवा माती फुगतेय, मग नुसतं भरून भागणार नाही. हातोडीने हलकं ठोका. भद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक पेन्सिल-रेघ मारून त्यांच्यातलं अंतर तारखेसह लिहून ठेवा.

मुरूम-खडी

गोणपाटाचं बरोबर आहे. आता भरायचं. तिरप्या चिरांत व्हिजिटिंग कार्डाची कड शिरत नसेल (साधारण ०.३ मिमी) तर तशाच सोडा. शिरत असेल तर धूळ फुंकून पातळ इपॉक्सी (सुकल्यावर कडक होणारा चिकट द्रव) ओता, आपोआप आत उतरतं.

मधल्या भेगेत इपॉक्सी अजिबात नको. ती उन्हाळ्या-हिवाळ्यात उघडझाप करणार. कडक भरलीत तर शेजारी नवी पडेल. ग्राइंडरने ८ मिमी रुंद, २५ मिमी खोल सरळ खाच करा. ब्रश आणि ब्लोअरने धूळ काढा, कारण सीलंट (फट भरायचा रबरासारखा लवचीक माल) निघतं ते बहुतेक धुळीमुळेच. १० मिमीची फोमची दोरी दाबून बसवा म्हणजे सीलंट तळाला चिकटत नाही. वर पॉलियुरेथेन सीलंट ८ मिमी जाड, पृष्ठभागापेक्षा २-३ मिमी खाली. ११ फुटांना सुमारे २१५ मिली लागतं. कापलेले दोन जॉइंटही असेच रुंद करून भरा, तिन्ही मिळून ६०० मिलीची दोन पाकिटं आणा. भरायचं पहाटे, दुपारी कोबा तापून फुगलेला असतो, खाच अरुंद दिसते. २८ दिवस झाल्यावर करा.

तापीकाठ

२८ दिवस थांबण्याशी मी सहमत नाही. मे मधलं काम, २८ दिवस म्हणजे जून. पहिला पाऊस उघड्या भेगेतून काळ्या मातीत गेला तर कोबा उचलला जाईल. १४ दिवस क्युरिंग (कोबा ओला ठेवणं), मग चार-पाच दिवस पूर्ण सुकवून सीलंट भराच. ते लवचीक असतं, पुढचं थोडं आकसणं सहन करतं. गच्चीचा पाइप कोब्याच्या कडेला पडत असेल तर आधी तो लांब न्या. कडेला लागून झाडांचं आळंही नको.

कोबा पोर्चच्या खांबांना आणि भिंतीला चिकटून ओतला असेल तर तिथेही तडा जाईल. तिथे १२ मिमी थर्माकोल लावायचा असतो. आता भिंतीलगत कटर मारून तीही फट सीलंटने भरा.

चोपडेकर

पोर्चकडे खरंच चिकटून ओतलंय. जॉइंट आज संध्याकाळी कापून घेतो. गाडी कधी आत घ्यावी? आणि पाण्याचा टँकर?

मुरूम-खडी

चालायला आजही हरकत नाही. गाडी १४ दिवसांनंतर. टँकर किंवा भरलेली ट्रॉली २८ दिवसांआधी नकोच. नंतरही ४ इंचावर, जाळीशिवाय, टँकर रोजचा करू नका. चाक कडेवरून गेलं की कोपरा तुटतो. टँकर गेटबाहेर उभा करून पाइपने पाणी घ्या.