मदत हवी आहे: कॅडेट मुलांना प्रथमोपचार शिकवायला प्रशिक्षकाकडे काय लागतं?

पारसिककर

लोकहो, जरा सल्ला हवाय.

नेरूळला आमच्याकडे एका खासगी ट्रस्टची कॅडेट संस्था आहे (एनसीसी नव्हे). रविवारी सकाळी परेड, मुलं-मुली आठवी ते बारावीची. माझा मुलगा त्यात जातो. मी तुर्भ्याला एमआयडीसीत सेफ्टीमध्ये आहे. कारखाने कायद्याच्या (तो २०२५ पर्यंत लागू होता) कलम ४५ प्रमाणे प्रथमोपचार पेटी ज्याच्या ताब्यात असायची त्याच्याकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र लागायचं, त्यामुळे माझ्याकडे सेंट जॉन अँब्युलन्सचं सर्टिफिकेट आहे. मुदतीतलं आहे.

हे कळल्यापासून तिथले साहेब मागे लागलेत. दिवाळीनंतर कॅम्प आहे, त्याआधी रविवारचे दोन तास घ्या, मुलांना प्रथमोपचार शिकवा आणि तुमच्याच सहीने सर्टिफिकेटं देऊन टाका! शिकवायला माझी ना नाही, सही करायला मात्र हात धजत नाही. स्वतः पट्टी बांधता येणं आणि तीस पोरांना ती बांधता येते असं लिहून देणं, यात फरक आहे ना?

तर, माझ्या सर्टिफिकेटवर मला शिकवता येईल का? सही कोणाची चालते? आणि दोन तासांत काय घ्यावं?

स्टाफनर्स_कळवा

दादा, सही करू नका. तुमचं प्रमाणपत्र प्रथमोपचार देण्यासाठीचं आहे, प्रशिक्षकाचं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं उदाहरण सांगते, कारण ते मी स्वतः केलंय. बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे हृदय किंवा श्वास थांबल्यावर द्यायची पहिली मदत) कार्ड असलं तरी शिकवता येत नाही. त्यासाठी प्रशिक्षकाचा वेगळा कोर्स करावा लागतो, कुठल्यातरी ट्रेनिंग सेंटरशी संलग्न असावं लागतं, आणि कार्ड दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. मुलांना कार्डही त्या सेंटरमार्फतच मिळतं, प्रशिक्षक घरच्या प्रिंटरवर छापत नाही.

ओळख म्हणून शिकवायला कोणी अडवत नाही. संस्थेने फार तर 'सत्रास उपस्थित होता' एवढं लिहून द्यावं.

एनसीसीवाले_सर

मी ठाण्यात शाळेत एएनओ, म्हणजे एनसीसी सांभाळणारा शिक्षक-अधिकारी आहे. आमचं प्रशिक्षण कामठीच्या ओटीएत (अधिकारी प्रशिक्षण अकादमीत) होतं, त्यात ड्रिल, हत्यार, नकाशावाचन असं सगळं येतं. कॅडेटच्या अभ्यासक्रमात आरोग्य आणि स्वच्छतेचा भाग आहे, प्रथमोपचार त्यातच. पण पोराला एनसीसीचं 'ए' सर्टिफिकेट मिळालं की पालक धरून चालतात, आता हा सीपीआर (हृदय थांबलेल्याची छाती दाबून जीव वाचवणं) देणार. तसं नसतं हो.

मी स्लिंग (दुखावलेला हात गळ्यात अडकवायची झोळी), रक्तस्राव, स्ट्रेचर हे स्वतः घेतो. सीपीआरला बाहेरून माणूस बोलावतो आणि आधी त्याचं प्रशिक्षकाचं कार्ड मागतो, तारखेसकट. एकदा एक गृहस्थ आले, छान बोलले, स्लाइड्स दाखवल्या, पण मॅनिकिन (सरावाचा पुतळा) नव्हताच. हवेत हात हलवून सीपीआर येत नाही.

स्टाफनर्स_कळवा

सरांना अनुमोदन. छाती किमान ५ सेंमी दाबली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर यायला हवी. आठवीतल्या हडकुळ्या पोराला याला किती जोर लागतो ते मॅनिकिनवरच कळतं. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचं मुलांकडून नक्की घोटून घ्या. मुलं लहान आहेत म्हणून टाळू नका मात्र. बाराव्या वर्षापासून शाळेत दरवर्षी दोन तास हे शिकवावं, या मोहिमेला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिलाय.

भटक्या

कॅम्प येऊरसारख्या जंगलात असेल तर सर्पदंश आधी घ्या. दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं तर मुळीच नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढायचं, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, १०८ ला फोन. साप मारून सोबत नेणारे महाभाग अजून भेटतात!

आणि परेडमध्ये चक्कर येणारी पोरं. त्यांना उभं धरून पाणी पाजतात. आडवं करा, पाय वर करा, शुद्धीवर आल्याशिवाय तोंडात काही घालू नका.

पारसिककर

सगळ्यांचे आभार. एक शंका राहिली. कॅम्पवर पोरांनी काही केलं आणि बिघडलं, तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण लागू होईल का?

एनसीसीवाले_सर

ते रस्त्यावरच्या वाहन अपघातात मदत करणाऱ्यासाठी आहे. कॅम्पला त्याचा आधार धरू नका. पालकांची लेखी संमती, दमा, फिट्स आणि अ‍ॅलर्जीची यादी, जवळचं रुग्णालय कुठलं आणि गाडी कोणाची, हे संस्थेकडून कागदावर घ्या. कॅडेट पहिली मदत करेल, पण जबाबदार म्हणून प्रमाणपत्र असलेला मोठा माणूस तिथे हवाच. तो तुम्ही होऊ शकता, त्याला तुमचं सर्टिफिकेट पुरेल.

पारसिककर

हे पटलं. साहेबांना आजच कळवतो: पट्ट्या, स्लिंग, चक्कर, सर्पदंश माझ्याकडे, सही नाही. सीपीआरला कार्डवाला प्रशिक्षक आणा, खर्च पालक वाटून घेतील. वाशी ते पनवेल पट्ट्यात रविवारी येणारा, स्वतःचे मॅनिकिन आणणारा कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नंबर इथे उघड टाकू नका.