मदत हवी आहे: बारा शिष्यांना काठीची मुभा होती की मनाई?

सर्वांना सप्रेम सलाम.

आमच्या मंडळीच्या शास्त्राभ्यासात सध्या मार्ककृत शुभवर्तमानाचे वाचन चालू आहे. सहाव्या अध्यायात (६:७-१३) प्रभू येशू बारा जणांना दोघादोघांनी पाठवतो आणि वाटेसाठी एका काठीवाचून काहीही घेऊ नका, पायांत मात्र वहाणा असू द्या, असे बजावतो. मत्तयच्या शुभवर्तमानात (१०:९-१०) याच प्रसंगी काठी आणि वहाणा दोन्ही नाकारल्या आहेत, तर लूकमध्ये (९:३) काठीला स्पष्ट मनाई आहे आणि वहाणांचा उल्लेखच नाही. अभ्यासाला येणाऱ्या एका मुलीने विचारले, ‘‘मग प्रभूने नेमके काय सांगितले?’’ तिला पटेल असे उत्तर मला देता आले नाही.

मला आजवर ठाऊक असलेले स्पष्टीकरण असे, की मत्तयने वापरलेल्या ‘क्तेसेस्थे’ या ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘मिळवणे’ असा आहे. म्हणजे नवी काठी किंवा जादा वहाणा मिळवू नका, जे अंगावर आहे तेवढ्यावर निघा. हा अर्थ ओढूनताणून काढलेला नाही, कारण देवाचे दान पैसे देऊन मिळवू पाहणाऱ्या शिमोन या जादूगाराला शिष्य पेत्र फटकारतो तेथेही (प्रेषितांची कृत्ये ८:२०) हेच क्रियापद आले आहे. माझ्याजवळच्या मराठी प्रतीत सगळीकडे ‘घेऊ नका’ असेच असल्यामुळे हा भेद वाचकाच्या लक्षात येत नाही. पण खरी अडचण लूकची आहे. त्याने मार्कचेच ‘घेणे’ हे क्रियापद ठेवले आहे आणि तरीही काठी नाकारली आहे, त्यामुळे वरील स्पष्टीकरण तेथे लागू पडत नाही.

माझे स्वतःचे मन आता वेगळ्या दिशेने वळत आहे. निर्गम १२:११ मध्ये वल्हांडणाचे, म्हणजे मिसर देशातून सुटून निघतानाचे, भोजन कंबर कसून, पायांत जोडे घालून आणि हातात काठी घेऊन करण्याची आज्ञा आहे. मार्कने काठी आणि वहाणा राखल्या त्या ही आठवण मनात ठेवूनच, असे मला वाटू लागले आहे. झोळणा, पैसा आणि दोन अंगरखे या तिन्हींबाबत मात्र तिघांत काडीचाही फरक नाही, आणि आज्ञेचा गाभा तोच असावा. आमच्यातील एका काकांना यावरून माधुकरी आठवली, परंतु येथे तर झोळीच नाकारली आहे आणि घरोघर न फिरता एकाच घरी राहायला सांगितले आहे (लूक १०:७), म्हणून ही तुलना मला पुरती पटत नाही.

जाणकारांनी, विशेषतः मूळ ग्रीक वाचणाऱ्यांनी, दोन गोष्टींवर मार्गदर्शन करावे. लूक २२:३५ मध्ये येशू बारा जणांना ‘पिशवी, झोळणा व वहाणा यांवाचून मी तुम्हांला पाठवले तेव्हा’ अशी आठवण देतो, पण वहाणांची मनाई लूकने नंतरच्या, आणखी सत्तर जणांच्या पाठवणीत (१०:४) नोंदवली आहे; मग या दोन पाठवण्यांचे शब्द त्याच्याकडे एकाच परंपरेतून आले असे मानावे काय? आणि पुढच्याच वचनात तो आता पिशवी व झोळणा घ्यायला सांगत असल्यामुळे, आधीची आज्ञा मत्तय १०:५-६ मधील ‘केवळ इस्राएल लोकांकडेच जा’ या मर्यादेप्रमाणे केवळ त्या एका फेरीसाठी होती, असे शिकवणे योग्य ठरेल काय?

पुढच्या बैठकीत हाच उतारा पुन्हा घ्यायचा आहे. त्या मुलीला शब्दांची कसरत करून गप्प बसवावे असे मला मुळीच वाटत नाही.