कुपा, गरी आणि ‘क्रीडामत्स्य’

ओहोटी
मालवणच्या एका बोटवाल्यासाठी पर्यटकांना द्यायची पुस्तिका मराठीत करते आहे. गळाने मासे कसे पकडायचे आणि मिळालेला मासा कसा रांधायचा, असा विषय. कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, पानावर अडले. मूळ मजकुराचा आशय असा, की कुपा हा फारसं कुणी आवडीने खात नाही असा गेम फिश, म्हणजे गळावर झुंजणारा मासा. हाती आल्याबरोबर त्याचं रक्त काढा, बर्फात घाला आणि कापताना मधलं काळं मांस वेगळं करा. मी ‘शिकारीचा मासा’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘अल्पलोकप्रिय क्रीडामत्स्य’ केलं, आणि ‘रक्त काढा’चं ‘रक्तस्राव घडवून आणा’. बोटवाल्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, “ह्यो खंयचो मासो?” आणि मग, “गरीचो मासो म्हणा, झाला.”
गरीचा मासा चालेल का? घाटावरच्या वाचकाला ‘गरी’ कळेल? शुक्रवारी मजकूर छापायला जातो.

तंगूस
ओहोटीताई, बोटवाल्याचं ऐका. गरी म्हणजे गळाचा आकडा, आणि त्यावरून आमच्याकडे सरळ क्रियापदच आहे: गरवणे. ‘बाबा गरवायला गेलेत’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. एवढा नेमका शब्द असताना ‘गळाने मासेमारी करणे’ कशाला लिहायचं?
कुपा गरीला लागला की हातातला तंगूस, म्हणजे गळाची दोरी, अक्षरशः गातो. मी बारा वर्षांचा असताना देवगडच्या खडपावर काकांनी सांगितलं होतं, हाताला फडकं गुंडाळ. मी ऐकलं नाही. तंगुसाने तर्जनीच्या पेरावर चर पाडला, तो अजून आहे.

अनुस्वार
तंगूस, गरवणे छानच शब्द. पण ‘गरीचा मासा’ने काम भागत नाही. गरीला गोबरा लागतो, तांबोशी लागते, शेंगाळाही लागतो. गरीचा म्हणजे मासा कसा पकडला ते कळतं. गेम फिश म्हणताना मासा कसा झुंजतो हे सांगायचं असतं. आमच्या बाजारात ‘गरीची सुरमई आहे’ असं ओरडून विकतात, ते ती जाळ्यात चेंगरलेली नाही एवढ्यासाठी. वाचक तोच अर्थ घेईल.

पाटावरवंटा
‘शिकार’ मुळात फारसी. आपल्याकडे ‘पारध’ आहे. ‘पारधीचा मासा’ लिहा. ‘क्रीडामत्स्य’ मात्र साफ चूक. तिथल्या ‘गेम’चा अर्थ खेळ नसून शिकारीचं जनावर असा आहे.

अनुस्वार
त्या जनावराला ‘गेम’ म्हणू लागले ते शिकार हा राजेरजवाड्यांचा खेळ होता म्हणूनच. त्यामुळे ‘क्रीडा’ अर्थाने चूक नाही. तो शब्द वाईट आहे तो वेगळ्या कारणाने: कुणाच्याही तोंडात तो कधी बसणार नाही. आणि शिकार फारसी म्हणून टाकायचा तर ‘बाजार’ही टाका, मग मासे कुठे विकत घ्यायचे ते सांगा. पारध ऐकल्यावर डोळ्यांपुढे रान येतं, दर्या येत नाही.

पाटावरवंटा
शब्द वापरला नाही तर दर्या येणार कसा? वापरूनच रुळतो. ‘आमिष’ बघा. मूळ अर्थ मांस, तो सामिष-निरामिषात टिकलाय. गळाला लावायचं मांसही आमिष, आणि आता नोकरीचं आमिष. शब्दाला वाट दिली की तो चालतो.

सोलकढी
मग ‘गळ घालणे’सुद्धा माशाच्या गळावरूनच आलं असणार ना? आई म्हणायची, ‘मामाने राहायची गळ घातली.’ मला लहानपणी खरंच वाटायचं, मामा गळ टाकून बसलाय.

पाटावरवंटा
माझ्या मते ते गळ्यावरून. गळ्यात हात घालून आग्रह करणं.

तंगूस
मला गळच पटतो. आग्रह करणारा दोरी सैल सोडतो, पुन्हा ओढतो. गरवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

विळीवाली
तुम्ही शब्द घेऊन बसलात, पण त्या पानावरचं महत्त्वाचं वाक्य रक्ताचं आहे. पोरींनो, कुपा बाधतो. आमच्या सासूबाई म्हणायच्या, कुपा उष्ण, बाळंतिणीला देऊ नये. मी एकदा दुपारच्या उन्हात टोपलीत पडून असलेला कुपा स्वस्त मिळाला म्हणून घेतला. जेवण होऊन अर्धा तास झाला नसेल, धाकट्या दिराचं तोंड लालबुंद झालं, अंगाला खाज, डोकं ठणकायला लागलं. चव थोडी तिखट, जिभेला चुणचुणणारी लागली होती, ती मी तिरफळाची समजले.

लगून
विळीवालीकाकू, ते हिस्टामिन. कुपा, बांगडा, सुरमई एकाच कुळातले. मासा गरम राहिला की जिवाणू त्याच्या मांसात हिस्टामिन तयार करतात, आणि एकदा झालं की कितीही शिजवलं तरी ते जात नाही. सासूबाईंच्या ‘उष्ण’मध्येही तथ्य आहे: कुप्याचं अंग भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम असतं, आणि गरीवर झुंजून आणखी तापतं. म्हणून रक्त लगेच काढायचं आणि बर्फ भरपूर. ‘रक्तस्राव घडवून आणा’ वाचून बोटीवर कुणी सुरी उचलणार नाही. ‘कल्ल्यामागे चिरून रगत जाऊ द्या’ असं लिहा, ताई.
एक खुलासा. मधला तो काळा भाग म्हणजे गोठलेलं रक्त नाही. सतत पोहणाऱ्या माशाचा तो कामाचा स्नायू आहे. ‘काळं मांस’ हाच बरोबर शब्द.
लक्षद्वीपला मिनिकॉयमध्ये मी दोन वर्षं होतो. तिथे कुप्याचा भाऊबंद उकडून, धूर देऊन, वाळवून ठेवतात. लाकडासारखा कडक. तिथल्या महल भाषेत मासा म्हणजे ‘मास’. आपला मासा आणि त्यांचा मास, दोन्ही मत्स्यातून आलेले. पहिल्या दिवशी दुकानात तो शब्द ऐकला आणि घरी आल्यासारखं वाटलं.

सोलकढी
आमच्याकडे काळं मांस मांजराला.

विळीवाली
अगं, ताजा असेल तर टाकू नकोस. पाठीच्या काट्याच्या दोन्ही अंगांनी विळी फिरव, चार लांब तुकडे निघतात. काळं सोडवून मिठाच्या पाण्यात ठेव, पाणी लाल झालं की बदल, दोन-तीनदा. मग लसूण, लाल मिरची, भरपूर सोलं आणि कढईत सुकं. खोबरं नको. पांढऱ्या मांसाचं तिखलं कर, पण रटरटवू नकोस, कुपा लगेच चोथट होतो.

ओहोटी
‘चोथट’ घेतला! ‘कोरडा पडतो’ लिहून मी तीनदा खोडलं होतं. ‘रगत जाऊ द्या’ही ठेवते. गेम फिशची जागा अजून कोरीच आहे.
आणि पुढचं वाक्य: कच्च्या कुप्याचा ‘तीव्र मत्स्यगंध’. मी हिवस वास लिहू का?

सोलकढी
हिवस नाही, हिमूस. आमच्या घरी कच्च्या अंड्याला हिमूस वास येतो.

पाटावरवंटा
हिवसच. पण तो अंड्याचा. माशाला वशाट. संस्कृतातल्या ‘विस्र’ म्हणजे कच्च्या मांसाच्या वासाशी त्याचं नातं असावं असं मला फार वाटतं.

विळीवाली
वशाट म्हणजे सगळंच मांस-मच्छी. ‘आज वशाट केलंय’ म्हणतो आम्ही, त्यात वास कुठे आला? आणि तिरफळाची काळी बी काढून टाकायची बरं, नुसती सालं ठेचून कोमट पाण्यात घालायची. वाटलीत तर कडू होतं.

तंगूस
आमच्याकडे अख्खी टाकतात, उतरवायच्या आधी.