लेकीच्या इंजिनिअरिंगची फी आणि दहा लाखांचं कर्ज

बी-४०३ : नमस्कार सोसायटीतल्या मंडळींनो. जरा तातडीचं विचारायचं होतं. पोरीचा सीईटीचा निकाल लागल्यापासून एका कॉलेजमधून सारखा फोन येऊन राहिला. मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची सीट आहे, आत्ता पन्नास हजार भरून पक्की करा म्हणतात. चार वर्षांची फी, लॅपटॉप, बस धरून खर्च दहा लाखांवर जाते. ए-१०२ काका, तुम्ही बँकेत होते. एवढं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय भेटते का? फ्लॅटवर आधीच कर्ज आहे.

ए-१०२ काका : रकमेवर आहे. बँकांच्या नेहमीच्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार असले की झालं. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या हमी निधीच्या आधाराने बिनतारण देता येते. त्याच्या वर गेलं की बहुतेक बँका तारण मागतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली, तिच्यात तारणही नाही अन् जामीनदारही नाही. पण ती निवडक संस्थांपुरतीच आहे, तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी पाहा. आणि मॅनेजमेंट कोटा म्हटलं की बँक हात आखडता घेते. गुणवत्तेवर प्रवेश झाला का, हाच तिचा पहिला प्रश्न असतो.

सी-२०१ ताई : भाऊ, एक रुपयाही भरू नका अजून! मी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात रोज हेच पाहते. तुम्ही ओबीसीत आहात न? कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत?

बी-४०३ : हो ताई, दोन्ही बरोबर. सहा लाखांच्या आसपास.

सी-२०१ ताई : मग तुमच्या मुलीचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होऊ शकते. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसीतल्या (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुली, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, व्यावसायिक अभ्यासक्रम. आधी ५० टक्के मिळायचे, आता १०० टक्के. खासगी विनाअनुदानित कॉलेजमध्येही मिळते. पण अट एकच आणि पक्की : प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून गेली की चारही वर्षं एक पैसा माफ नाही. फोन करणारे हे कधीच सांगत नाहीत, याचा मला फार राग येतो.

बी-४०३ : बाप्पा! हे तर कोणीच सांगितलं नाही.

सी-२०१ ताई : अजून एक. अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना ही योजना लागू नाही. आपल्या नागपुरातल्या काही जुन्या नावाजलेल्या कॉलेजांचं गेल्या काही वर्षांत विद्यापीठ झालं आहे. नाव तेच वाटते, पण फीमाफीचा हिशोब बदलला. म्हणून ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॅपचा पसंतीक्रम भरताना प्रत्येक कॉलेजचा दर्जा काय आहे ते पाहून घ्या.

बी-४०३ वहिनी : ताई, पण तिचं मन कॉम्प्युटरवरच आहे. कॅपमध्ये कॉम्प्युटर नाही लागलं तर? ही सीटही हातची जाईल. पोरीच्या भविष्याचा प्रश्न आहे, पैसा काय, फेडू आपण.

सी-३०२ वहिनी : मला वहिनींचं पटते. आमच्या मोठ्याने नको असलेली ब्रांच घेतली आणि दोन वर्षं कुढत होता. ब्रांच मनाची पाहिजे.

ए-१०२ काका : पोरीच्या आवडीचा मान आहेच. पण आकडा समोर ठेवून बोला. समजा दरवर्षी २ लाख असे चार वर्षांत ८ लाख घेतले, व्याज १० टक्के. शिकत असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते. पहिल्या २ लाखांवर पाच वर्षांचं एक लाख, दुसऱ्यावर ऐंशी हजार, मग साठ, मग चाळीस. म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या दिवशीच कर्ज १० लाख ८० हजारांचं झालेलं असते. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला १४ हजारांहून जास्त. हा हप्ता तिच्या पहिल्या पगारातून जाईल, तुमच्या नाही. तिला हे सांगितलं का कोणी?

बी-४०३ वहिनी : नाही सांगितलं.

सी-२०१ ताई : वहिनी, आयटी, डेटा सायन्स, एआय या ब्रांचमध्ये अभ्यासक्रमाचा बराचसा भाग कॉम्प्युटरसारखाच असतो. कॅपमध्ये या सगळ्या वरच्या क्रमांकावर टाका. शिवाय टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शुल्कमाफीच्या वेगळ्या सीटही आहेत, ८ लाखांच्या आतल्या कोणत्याही प्रवर्गाला. त्यात शिक्षण शुल्क माफ, पण नंतर ब्रांच किंवा कॉलेज बदलता येत नाही, आणि कटऑफ वर जातो. मुलीला सांगा, अजून सगळ्या फेऱ्या व्हायच्या आहेत.

सी-३०२ वहिनी : ताई, आमचा धाकटा यंदा बारावी झाला. मुलगा, खुला प्रवर्ग. त्याला काहीच नाही का?

सी-२०१ ताई : आहे न! राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. उत्पन्न ८ लाखांपर्यंत, शिक्षण शुल्काचे ५० टक्के. यालाही कॅपमधूनच प्रवेश लागतो. अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर.

बी-१०४ काकू : आमचा मुलगा व्हीएनआयटीत, म्हणजे नागपुरातल्या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थेत आहे. तिथे शिक्षण शुल्क वर्षाला सव्वा लाख, पण उत्पन्न १ ते ५ लाखांच्या मध्ये असलं तर दोन तृतीयांश माफ. एससी, एसटी आणि दिव्यांगांना पूर्ण माफ. आम्ही फक्त हॉस्टेल-मेसपुरतं कर्ज घेतलं. आणि बीएस्सी, बीकॉमवाल्यांनीही ऐका : बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राची शिष्यवृत्ती आहे, पदवीची पहिली तीन वर्षं दरवर्षी १२ हजार. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. भाचीची हिस्लॉप कॉलेजची फी त्याच्यातूनच निघाली.

ए-३०५ (भाडेकरू) : काका, काकू, मी गोंदियाचा. आम्ही तिघं मिळून राहून राहिलो. सरकारी हॉस्टेलला नंबर नाही लागला म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत अर्ज केला. एससी आणि नवबौद्ध मुलांना नागपुरात वर्षाला ६० हजार भेटते, जेवण, राहणं आणि निर्वाह भत्ता धरून. पैसे उशिरा येतात, पण येतात. गावाकडच्या कोणाला सांगायचं असेल तर जरूर सांगा.

सी-२०१ ताई : शाब्बास रे. हे सगळ्यांनी गावाकडे पोहोचवा. आता भाऊ, कागद. जात वैधता आहे का?

बी-४०३ : हो, अकरावीतच काढली. नॉन-क्रिमीलेयर मात्र मागच्या वर्षीचं आहे.

सी-२०१ ताई : त्यावरची मुदत वाचा. ३१ मार्चला संपलं असेल तर ते चालणार नाही, उद्याच नवीन काढायला टाका. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच. मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही पाहून घ्या, नाहीतर शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पैसा अडकते. आणि प्रवेशाच्या वेळी माफीची रक्कम कोणी आधी मागितली तर भरू नका, शासन निर्णयाची प्रत दाखवा. मी देते.

बी-४०३ : डेव्हलपमेंट फी माफ होते का?

सी-२०१ ताई : नाही, ती भरावी लागते. बस, पुस्तकंही तुमची.

ए-१०२ काका : तेवढ्यासाठी कर्ज घ्या, आणि एकदम नका घेऊ. मंजूर जास्त झालं तरी जेवढी फी तेवढंच वर्षागणिक उचला. दीड-दोन लाखांत भागत असेल तर शिकत असतानाच व्याज भरत जा, म्हणजे मुद्दल वाढत नाही. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्यांना व्याजात केंद्राची सवलत आहे, तुमचं उत्पन्न त्यात बसत नाही. जुन्या करप्रणालीत असाल तर आयकरात या व्याजाची वजावट मिळते.

बी-४०३ वहिनी : काका, मी आज रात्री तिच्यासोबत हा हिशोब करते. तिने ठरवू दे.

बी-४०३ : कॉलेजवाल्यांना नाही म्हणून कळवलं. उद्या सुट्टी टाकून सिव्हिल लाईन्सला सेतूत, दाखले काढायच्या सरकारी केंद्रात जातो.

सी-२०१ ताई : सकाळी लवकर जा, दुपारी लांब रांग असते. आणि ऑप्शन फॉर्म लॉक करायच्या आधी मुलीला घेऊन माझ्याकडे या. सी-३०२ वहिनी, तुम्हीही धाकट्याला पाठवा, दोघांचा क्रम सोबतच लावू.