सल्ला हवा: छोटा वॉटर-कूल्ड गेमिंग पीसी, बजेट ९० हजार, मुक्काम रावेर तालुका

केळीबाग_रावेर
नमस्कार मंडळी. जूनमध्ये पुण्याला कॉलेजला जातोय, त्याआधी गेमिंग पीसी जमवायचाय. लहानच हवा. होस्टेलच्या खोलीतलं टेबल बघून आलोय, आणि सुट्टीत महाराष्ट्र एक्स्प्रेसने घरी आणायचाय. मॉनिटर आहे (२४ इंची, १०८०पी), कीबोर्ड-माऊस आहे. बजेट ९० हजार, वर एक रुपया नाही, पप्पांनी केळीच्या पट्टीतून काढून दिलेत. व्हॅलोरंट खेळतो, पुढे मोठे ग्राफिक्सवाले गेम पण खेळायचेत.

डोक्यात रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड, मिनी आयटीएक्स (लहान मापाचा) बोर्ड आणि सीपीयूला २४० मिमीचा एआयओ (पंप, पाणी, रॅडिएटर असा तयार बंद वॉटर कूलर) आहे. वॉटर कूलिंग का, तर आपल्याकडे मे महिन्यात काय होतं ते सांगायला नको. केस कोणती घेऊ? आणि पार्ट जळगावातून, मुंबईहून की ऑनलाइन?

लॅपटॉप सुचवू नका प्लीज.

धुळेकर_एमएच१८
लॅपटॉप घे.

होस्टेल म्हणतोस, रेल्वे म्हणतोस, लहान पाहिजे म्हणतोस. अजून काय म्हणायचं राहिलं? माझ्या पुतण्याने पीसी नेला होता पुण्याला, रूम पार्टनर दिवसभर त्यावर सिनेमे बघायचे, याला अभ्यासाला पण मिळायचा नाही.

लॅमिंग्टन_रिटर्न
मूळचा भुसावळचा, सध्या ठाण्यात. मी स्वतः लियान ली ए४-एच२ओ मध्ये बिल्ड केलाय, ११ लिटरची केस, वर २४० चा रॅडिएटर बसतो. ७८००एक्स३डी प्रोसेसर आणि ४०८० सुपर कार्ड. टेबलावर ठेवला की बघणारा आधी विचारतो, हा स्पीकर आहे का.

भावा, ९० मध्ये आयटीएक्स करूच नको. दीड लाख कर. एकदाच होतं हे, पाच वर्षं बघावं लागत नाही. पार्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडवरूनच घे, चार दुकानं फिरलास की भाव खाली येतो. सकाळी लवकर जाऊ नको, दुकानं उशिरा उघडतात.

केळीबाग_रावेर
दादा, दीड लाख नाहीयेत. ९० आहेत.

लॅमिंग्टन_रिटर्न
मग १ लाख ३० कर.

आम्हना_खान्देश
इतला पैसा कसाले टाकस रे भाऊ? सायबर कॅफेमा जाय, दोन घंटा खेळ, घर ये.

तापीकाठ
जळगावात पीसी रिपेअरिंगचं काम करते, म्हणून थोडं लांब लिहिते.

एआयओ म्हणजे थंडी बनवणारं यंत्र नव्हे. तो सीपीयूची उष्णता उचलतो आणि रॅडिएटरच्या पत्र्यांतून खोलीच्या हवेत सोडतो. खोलीत ४० डिग्री असतील तर आतलं पाणी ४० च्या खाली जाणारच नाही, वरच राहील. आपल्याकडे बाहेर ४५ असतं आणि स्लॅबच्या वरच्या मजल्यावर रात्री बारालाही भिंती तापलेल्या असतात. छोट्या केसमध्ये त्यात ग्राफिक्स कार्डची गरमी मिसळते. बहुतेक एआयओंना पाण्याचं तापमान ६० च्या आत ठेवायला सांगितलेलं असतं. पुण्यात हा प्रश्न येणार नाही, रावेरला मे महिन्यात दुपारी येऊ शकतो.

दुसरं, ७६०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर आहे, पूर्ण जोर लावला तरी ८८ वॉटच्या आसपास थांबतो. त्याला २४० चा एआयओ लागत नाही. डब्यातच एक पंखा येतो. आवाज करतो, पण चालतो. दीड-दोन हजाराचा बरा टॉवर कुलर (पंखा लावलेला उभा कुलर) घेतला तर विषय संपला. ९५ डिग्रीला हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही, त्यामुळे आकडा बघून घाबरायचं कारण नाही.

केस म्हणशील तर कूलर मास्टर एनआर२००. १८ लिटरच्या थोडी वर आहे, बॅगेत बसेल असं नाही, पण दीडशे मिलिमीटरपर्यंतचा टॉवर कुलर बसतो आणि हात घालायला जागा आहे. ११ लिटरमध्ये स्क्रू पडला तर तो काढायला अर्धा पीसी उघडावा लागतो.

पाचोरा_जुगाड
ताई बरोबर बोलल्या, पण खान्देशात पाणी गार करायची सोय घरोघर आहे की. रॅडिएटर डेझर्ट कुलरच्या टाकीत बुडवायचा! वाळ्याच्या ताट्यांवरून उतरलेलं पाणी हवेपेक्षा गार असतं, उन्हाळ्यात आपली हवा कोरडी असते तेव्हा तर जास्तच. मी हे केलंय. मोटारसायकलचा जुना रॅडिएटर, कुलरची १८ वॉटची मोटर, पारदर्शक नळी. तापमान असं उतरलं की मित्र बघायला आले.

तापीकाठ
विज्ञान बरोबर आहे, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. पण टाकीतलं पाणी बोअरचं. दोन महिन्यांत ताट्यांवर जो पांढरा थर बसतो तो बघा, तोच क्षार रॅडिएटरच्या पत्र्यांवर बसणार. आणि तुमचं तेच पाणी नळीतून फिरत असेल तर सीपीयूचा ब्लॉक तांब्याचा, गाडीचा रॅडिएटर अॅल्युमिनियमचा, मध्ये खारं पाणी. अॅल्युमिनियम गंजायला सुरुवात होते. म्हणून लूप (पाणी फिरवणारी नळ्यांची जोडणी) करणारे डिस्टिल्ड वॉटर, गंज न लागण्याचं औषध आणि दोन्हीकडे एकच धातू वापरतात.

तुमचा अजून चालू आहे का?

पाचोरा_जुगाड
बोर्ड गेला. पण तो लाईटीमुळे गेला.

अमळनेर_अभि
कुलरवरून आठवलं, पीसी कुलरच्या समोर ठेवायचा का नाही? घरचे म्हणतात ठेव, गार राहील. मी म्हणतो ओल जाते आत.

धुळेकर_एमएच१८
ठेवू नको. आमच्या टीव्हीच्या मागे हिरवं धरलंय.

शिरपूर_जिनिंग
आमच्याकडे जिनिंग आहे, त्यामुळे एकच गोष्ट सांगतो जी इथे कोणी सांगितली नाही: कापसाचा फोसा, म्हणजे बारीक तंतू. हंगामात हवेत तरंगत असतो. टॉवर कुलरच्या पत्र्यांत अडकला तर फुंकर मारून निघतो, रॅडिएटरचे पत्रे बारीक, त्यात नमद्यासारखा बसतो आणि बाहेरून दिसत पण नाही. मग लोक म्हणतात एआयओचा पंप गेला. पंप ठीक असतो, हवाच जात नसते. जाळीचं फिल्टर लाव आणि ब्लोअर घेऊन ठेव. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरायची, फिरू द्यायची नाहीत.

तुझ्या शेजारी जिनिंग नसेल पण रस्त्याचा फुफाटा असेलच.

यावल_निवांत
इथे सगळे पाण्यावर भांडताय, मुलगा मरतोय लाईटीने. गावात संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १७० वर येतं. आधी स्टॅबिलायझर घे, मग पीसी घे. १० किलोचा घे, हलका घेऊ नको.

तापीकाठ
१७० ने चांगल्या पॉवर सप्लायला काही होत नाही. लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं बघून घ्यायचं. भीती उलट बाजूची आहे. डीपीवर न्यूट्रल तुटलं तर सिंगल फेजच्या घरात ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. मला येणाऱ्या जळालेल्या पीसींत पाण्याने गेलेला क्वचित, अशाने गेलेले बरेच. त्यासाठी जास्त व्होल्टेजला तोडणारा प्रोटेक्टर मीटरजवळ बसवायचा.

यूपीएस पण घे. ७६०० चे ८८ वॉट, ५०६० चे १४५, बाकी धरून ३०० च्या आसपास. मॉनिटर मिळवला तरी ६०० वॉटचा, म्हणजे १ केव्हीएचा पुरतो. पीसी घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असशील तर त्याचा स्विच 'यूपीएस मोड'वर ठेव, नाहीतर लाईट जाताना मधला वेळ एवढा पडतो की पीसी रीस्टार्ट होतो.

यावल_निवांत
माझं तेच म्हणणं होतं. आणि अर्थिंग. कोळसा-मीठ टाकून खड्डा केला आहे का घरी? केसला हात लावला की मुंग्या येत असतील तर पाणी टाक खड्ड्यात.

धुळेकर_एमएच१८
कोळसा-मीठ जुनं झालं, आता केमिकल अर्थिंग करतात.

यावल_निवांत
कोळसा-मीठ ४० वर्षं चाललं आमच्या वाड्यात.

चोपडा_धाबं
वाड्यावरून आठवलं. आमचं धाब्याचं घर आहे, मातीचं छत. मे महिन्यात आत शिरलं की बाहेरच्यापेक्षा गार लागतं, एसी नाही काही नाही. पीसी तिथेच ठेवतो. फक्त वरून माती गळते म्हणून साडी बांधलीय छताला.

लॅमिंग्टन_रिटर्न
विषय गेमिंग पीसीचा आहे, घरबांधणीचा नाही.

मुलाला कामाची गोष्ट सांगतो: एआयओ बसवताना पंप लूपच्या सगळ्यात वर येऊ द्यायचा नाही. आत थोडी हवा असतेच, ती वरच्या टोकाला जाते. पंपात गेली की गुळगुळ आवाज येतो आणि पंप लवकर मरतो.

नंदुरबार_मिरची
महत्त्वाचं: एआयओमध्ये हवा असते, पंप वर ठेवू नका.

लॅमिंग्टन_रिटर्न
आत्ताच लिहिलं मी हे.

नंदुरबार_मिरची
हो, तेच. आम्ही पार्ट सुरतहून आणतो, सकाळी गाडीत बसायचं, रात्री घरी. पण बिल घे. ओळखीच्या एकाने बिनबिलाचं कार्ड घेतलं, वॉरंटी सीरियल नंबरवर चालते म्हणून दुकानदाराने सांगितलं होतं. सर्व्हिस सेंटरवाल्याने पहिलं बिलच मागितलं.

भडगाव_हिशेब
कोणी हिशेब मांडला का? मी मांडतो. मी बघितले तेव्हाचे साधारण ऑनलाइन भाव, हजारात. ७६०० चे १७, ५०६० चे ३०, १६ जीबी रॅम १२ (२०२५ च्या शेवटी रॅमने जो भाव धरला तो सोन्याच्या बाजारात पण नव्हता), १ टीबी एसएसडी ७. झाले ६६. उरले २४.

आयटीएक्स केलं तर बोर्ड १९, एसएफएक्स (लहान मापाचा) पॉवर सप्लाय १०, केस ७, एआयओ ७. एकूण ४३. म्हणजे १९ हजार बाहेर.

मायक्रो एटीएक्स (आयटीएक्सपेक्षा मोठा बोर्ड) केलं तर बी६५०एम बोर्ड ११, साधा ६५० वॉटचा सप्लाय साडेपाच, असूस एपी२०१ केस साडेसहा, पंखा प्रोसेसरच्या डब्यातला. एकूण २३. हजार रुपये हातात राहतात, त्यात ताईंनी सांगितलेला कुलर थोडे टाकून येतो. एपी२०१ ही ३३ लिटरची आहे, म्हणजे लहान नाही, पण तिच्यात पुढे ३६० चा रॅडिएटर पण बसतो. पाण्याची हौस नोकरी लागल्यावर भागव.

तापीकाठ
मला हे पटतं. यूपीएस मात्र यात धरलेला नाही.

लॅमिंग्टन_रिटर्न
३३ लिटर घेऊन महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या जनरलमध्ये चढून दाखव. चाळीसगावला लोक त्यावर बसतील.

अमळनेर_अभि
+१ मायक्रो एटीएक्स. गाडीत नेताना ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं ने, हादऱ्याने स्लॉट तुटतो. आणि कूलिंगसाठी आधी इको मोड (प्रोसेसरची वीज कमी करणारी सेटिंग) चालू करून बघ, फुकट आहे.

धुळेकर_एमएच१८
८५ हजारात चांगला गेमिंग लॅपटॉप येतो. बोललो फक्त.

केळीबाग_रावेर
सगळ्यांचे आभार, सगळं वाचलं, ताईंचं दोनदा. घेऊन झालंय, सांगतो.

पुण्यात ओळखीच्या सिनियरकडून वापरलेली ए४-एच२ओ मिळाली, साडेसहा हजारात, रायझर केबलसकट (बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड जोडणारी केबल). बी६५०आय बोर्ड, ७६००, एसएफएक्स ७५० वॉट, १६ जीबी, १ टीबी, २४० चा एआयओ. नवीन सामान सगळं बिलावर. मीटरजवळ प्रोटेक्टर बसवला, १ केव्हीएचा यूपीएस घेतला.

ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही. ७६०० मध्ये आतलं ग्राफिक्स असतं, व्हॅलोरंट कमी सेटिंगवर चालतंय. कार्ड दिवाळीला घेईन.

भडगाव_हिशेब
गेमिंग पीसी, ग्राफिक्स कार्डाशिवाय, वॉटर-कूल्ड. मी धागा अनफॉलो करतो.

शिरपूर_जिनिंग
फिल्टर लावलं का?

तापीकाठ
प्रोटेक्टर आणि यूपीएस घेतलास, एवढं तरी ऐकलंस. बाकी तुझा पीसी, तुझी आवड. कार्ड नसताना त्या केसमध्ये गरमीही कमी होणार, उन्हाळा निघून जाईल.

कार्ड घेशील तेव्हा एक लक्षात ठेव. वापरलेल्या केसची रायझर केबल बहुतेक पीसीआयई (कार्ड जोडायच्या स्लॉटचं मानक) चौथ्या जनरेशनची असेल आणि ५०६० पाचव्या जनरेशनचं आहे. बोर्डाचा स्लॉटही पाचव्या जनरेशनचा असेल आणि तसंच जोडलं तर स्क्रीन काळी राहू शकते आणि लोक कार्ड खराब म्हणून परत पाठवतात. आधी बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन तो स्लॉट 'जेन ४' वर ठेव, मग कार्ड लाव. वेगात फरक जाणवणार नाही.

केळीबाग_रावेर
हे माहीत नव्हतं. लिहून ठेवलं, ताई.

अमळनेर_अभि
दिवाळीपर्यंत कशाला थांबतो? माझ्याकडे ३०६० आहे, १२ जीबीवाला, क्रिप्टो मायनिंगला वापरलेला नाही. अमळनेरला ये, लावून बघ, मग पैसे दे.

केळीबाग_रावेर
बॉक्स आणि बिल आहे का? आणि लांबी किती मिलिमीटर, ३२२ च्या आत पाहिजे.

अमळनेर_अभि
बॉक्स आहे. बिल शोधतो. टेप घरात सापडत नाहीये, संध्याकाळी मोजून सांगतो.